पंचम जरा उतरवला आहे

गंगापूर रोड, नाशिक
९ ऑगस्ट २०२५

ती. किशोरदादा,
नमस्कार.

तुझे सगळे फोन दिसले. उचलले नाहीत, कारण फोन मला आता सहन होत नाही. रागावू नकोस. आणि यातलं कुणाकडे बोलूही नकोस. क्लासच्या मुलींना मी टायफॉइड झालाय असं सांगितलंय.

आषाढात एका सकाळी उठले तर डावा कान बंद. अंघोळीचं पाणी गेलं असेल म्हणून दिवसभर डोकं झटकत राहिले. दुसऱ्या दिवशी कानात कुकरची शिट्टी सुरू झाली, ती काही केल्या थांबेना. मग डॉक्टर. ते म्हणाले, आतल्या नसेला मार बसलाय, असं का होतं ते बहुतेक वेळा कळत नाही. गोळ्या झाल्या, कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं झाली. हळूहळू ऐकू यायला लागलं. मी पेढे आणले, दादा. खरंच आणले.

त्याच संध्याकाळी तानपुरा काढला. जोडीच्या तारा जुळेचनात. खुंट्या पिळून पिळून एक तार तोडली. मग एक कान दाबून ऐकलं, मग दुसरा. तारा जुळलेल्याच होत्या. डावा कान त्यांना वर ऐकत होता.

म्हणजे मला आता प्रत्येक सूर दोनदा येतो. उजव्या कानात खरा, डाव्या कानात चढलेला. कापूस घातला, मेण घातलं. बाहेरचं कमी होतं, पण शिट्टी वाढते, आणि माझा स्वतःचा आवाज कवटीतून दोन्हीकडे जातोच. आरोही "आई" म्हणून हाक मारते तेव्हा दोन मुली हाक मारतात. एक माझी. दुसरी चिरक्या आवाजाची, तिच्या पाठीमागे उभी असल्यासारखी. स्वतःच्या नऊ वर्षांच्या पोरीच्या हाकेला मी दचकते.

डॉक्टर म्हणतात, सुधारेल किंवा नाही सुधारणार. थांबायचं.

दादा, आपण दोघं गाण्याच्या बाईंकडे शिकत असताना तू चार आवाजांसाठी तो ध बसवला होतास, आठवतं? साशी पंचम जुळवला, पंचमाशी रे, रेशी ध, आणि तो ध फिरून साजवळ आणला की भांडण. बाई म्हणाल्या, "हे असंच असतं. म्हणून आपण एका वेळी एक सूर गातो." तू हट्टाला पेटलास. गाणाऱ्या प्रत्येकीच्या सुरातून केसभर काढून घेतलंस आणि चौघींना एकत्र उभं केलंस. पुरी खरी कुणीच नव्हती, पण बाईंनी डोळे मिटून घेतले होते. पुढे माझा सगळा क्लास, चार आवाजांत गाणाऱ्या माझ्या सगळ्या मुली, त्या एका दुपारीतून निघाल्या.

मला तसं काहीतरी करून दे. तीन सूर एकत्र वाजावेत आणि मला ओकारी येऊ नये. गाणं नको. जुळणं म्हणून काही असतं, एवढं मला पुन्हा कळलं तरी पुरे. नाहीतर मी कशासाठी उठते रोज, ते मला समजत नाही.

पूजा


बाऱ्हे, ता. सुरगाणा
१७ ऑगस्ट

चि. पूजा,

पत्र वाचलं आणि शाळेच्या ओसरीत तसाच बसून राहिलो. मुलं प्रार्थनेला उभी राहिली, माझी वाट बघून त्यांनीच सुरू केली.

इथे रेंज शाळेमागच्या टेकाडावर येते, तीही मनात असेल तेव्हा. तेव्हा पत्रच बरं. राजूची जीप एक दिवसाआड नाशिकला जाते. तोच तुझ्या दारात टाकत जाईल आणि उत्तर घेऊन येईल. भरवशाचा आहे.

आता रडणं बाजूला ठेव आणि काम कर. तुझा कान सगळ्या सुरांना सारखाच चढवतो का, ते आपल्याला माहीत नाही. मोबाइलमध्ये सूर मोजायचं ॲप असतं. हेडफोन घे. आधी उजव्या कानात एक सूर वाजव, मग डाव्यात, आणि डाव्यातला खाली आणत जा. दोन्ही एक वाटले की थांब, किती उतरवावं लागलं ते लिही. खालच्या 'सा'पासून वरपर्यंत, रोज थोडं. डोकं दुखलं की बंद.

माझ्याकडे जुनी पेटी आहे, शाळेने टाकून दिलेली. भाता शिवून घेतलाय. सूर खाली-वर करायला मला कानस पुरते. आतल्या पितळी पत्तीचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. तुझे आकडे आले की बसतो.

भाताची आवणी चालू आहे, त्यामुळे मला निघता येणार नाही. आई म्हणते, पूजाला सांग, नागलीची भाकर खा, अंगात ताकद पाहिजे. कानाला तिचा काय उपयोग, विचारलं तर माझ्यावरच ओरडली.

जेवत जा.

किशोरदादा


गंगापूर रोड, नाशिक
२९ ऑगस्ट

दादा,

मोजलं. वेगळ्या कागदावर सगळं उतरवलंय, सोबत आहे. थोडक्यात सांगते. खालच्या 'सा'ला दोन्ही कान जवळजवळ एकच बोलतात. खालच्या गंधारापर्यंत चालतं. पुढे डावा वर सरकायला लागतो. मधल्या पंचमाला तो चक्क धच्याही किंचित वर नेतो. तार साच्या पलीकडे काहीच ओळखू येत नाही, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं.

परवा जे झालं ते कुणाला तरी सांगायला हवं. आरोही न्हाणीघरात गात होती. तुला माहीत आहे ती कशी गाते, अंगावर पाणी पडलं की आपोआप. मी स्वयंपाकघरात कानांवर हात दाबून उभी होते. मग गेले आणि दारावर मुठी मारल्या. "गप्प बस! गप्प बस म्हणते ना!" पाणी बंद झालं. ती टॉवेल गुंडाळून बाहेर आली. तेव्हापासून ती गात नाही. शाळेची कवितासुद्धा ओठांत पुटपुटते.

आणि नवरा? रोहितला वाटतं मी मनाला लावून घेतलंय. "लोकांचे हात-पाय जातात पूजा, तुला निदान ऐकू तर येतंय," म्हणाला. चुकीचं बोलला नाही. पण मी ताट सरकवून उठले. त्याचं ठिबक सिंचनाचं दुकान आहे, पाइप चोंदला की काढून नवा घालतो. माझ्या कानाचं तसं होत नाही याचाच त्याला राग असावा.

एक जागा सापडली आहे. दुपारी स्कूटर काढते आणि धरणाकडे जाते. सांडव्याच्या पाण्याचा आवाज दोन्ही कानांत सारखाच येतो. त्यात सूरच नसतो, मग चढणार काय? तिथे शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. मी कठड्याला टेकून उभी राहते. पाण्यापाशी मला फार बरं वाटतं, दादा. घरी परतावंसं वाटत नाही. अलीकडे तर अजिबातच नाही.

पेटीचं बघ. लवकर बघ.

पूजा


बाऱ्हे
७ सप्टेंबर

चि. पूजा,

राजूबरोबर पेटी पाठवतोय. सांभाळून उतरवून घे.

तीनच सूर लावलेत. बाकीच्या पट्ट्यांना हात लावू नकोस, त्या अजून जुन्याच आहेत. खाली सा आणि ग. तिथे तुझे कान एकमेकांशी बोलतात, म्हणून ते सरळ ठेवले. वर मधला पंचम. तो वाजला की तुझ्या उजव्या कानात पंचम येणार आणि डाव्यात तो भुताचा ध. त्याला हाकलता येत नाही, मग घरातलाच धरायचा. पंचम शुद्ध ठेवला तर तुझा ध साच्या उरावर बसतो. ध जुळेपर्यंत पंचम खाली आणला तर पंचमच मरतो. बरेच दिवस दोघांमध्ये हेलपाटे घातले. शेवटी निम्मं याने सोसायचं, निम्मं त्याने, असं ठरवून मधे थांबलो. पंचम जरा उतरवला आहे. बाईंनी ऐकला असता तर पट्टी फेकून मारली असती.

भाता सावकाश ओढ. आधी सा, तो मुरू दे. मग ग. मग डोळे मिटून पंचम.

आणि धरणावर एकटी जाऊ नकोस. मी गंमत करत नाही. आवाजच हवा असेल तर घरात टेबलफॅन लाव, नळ सोड, काहीही कर. पण तिथे एकटी नको. माझं एवढं ऐक.

शेतातून मान वर काढायला फुरसत नाही, नाहीतर मीच पेटी घेऊन आलो असतो.

किशोरदादा


गंगापूर रोड, नाशिक
१५ सप्टेंबर

दादा,

जुळलं.

सा दाबला, ग दाबला. पंचमाच्या पट्टीवर बोट ठेवून किती वेळ बसले होते कोण जाणे, दाबायचा धीर होईना. मग दाबला. आणि सगळं उभं राहिलं. एकही सूर जागेवर नव्हता आणि तरी उभं राहिलं. भाता थांबवायची भीती वाटत होती. हात भरून आला तरी ओढत राहिले. पेटीवर डोकं टेकून रडले, ते लाकूडसुद्धा जुळल्यासारखं घुमत होतं.

त्याच क्षणी उठून आरोहीला ओढत आणलं. म्हटलं, बघ, ऐक, आईला जुळतंय! वाजवून दाखवलं. ती ऐकत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू आक्रसत गेला. तुला माहीत आहे तिचा कान. मी विचारलं, "काय गं?"

ती म्हणाली, "आई, पंचम खाली आहे."

मग घाबरून लगेच म्हणाली, "नाही, छान आहे. छान आहे."

दादा, माझी नऊ वर्षांची मुलगी मला सांभाळून घेत होती. खोटं बोलत होती, मी ओरडू नये म्हणून.

जगात एकच जुळणी माझ्यापुरती खरी, आणि ती बाकी सगळ्यांना बेसूर. मी ज्यात जगू शकते त्या खोलीत दुसरं कुणी येऊच शकत नाही. हे आधीच्यापेक्षा वाईट आहे. आधी निदान वाटायचं, मी बाहेर आहे आणि दार सापडेल. दार सापडलं, आणि आत मी एकटी.

तुझ्यावर राग नाही. तू जे केलंस ते दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. पण पेटीवर चादर टाकून ठेवली आहे.

पूजा


बाऱ्हे
२४ सप्टेंबर

चि. पूजा,

चादर काढ.

बेसूर तर बेसूर. आपलं औषध घरच्यांना चमचा-चमचा वाटतो का आपण? ती पेटी तुझ्यापुरतीच आहे. दार लावून वाजव, पुरे झाली की बाहेर ये.

आरोही खोटं बोलली याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पण तिला खरं सांग. कानाचं चित्र काढून सांग. काय बिघडलंय ते तिला कळलेलं नाही, आणि न कळलेल्याची मुलांना फार भीती वाटते. माझ्या वर्गात रोज बघतो. बाप कामाला गुजरातेत गेलाय म्हटलं की पोर गप बसतं. कुणी सांगितलंच नाही तर ते समजतं, माझ्यामुळेच गेला.

किशोरदादा


गंगापूर रोड, नाशिक
१२ ऑक्टोबर

किशोरदादा,

दोन गोष्टी लिहायच्या आहेत. दोन्ही तुला आवडणार नाहीत.

पहिली. पेटी गेली. म्हणजे आहे तिथेच आहे, कान पुढे सरकला. चादर काढली होती मी, तुझं ऐकून रोज सकाळी वाजवत होते. गेल्या आठवड्यात पंचम हलायला लागला. परवा तिन्ही सूर मिळून एक चिखल. पुन्हा मोजलं. खालचा 'सा'सुद्धा आता फुटतो. डॉक्टरांना विचारलं, हे बरं होतंय की जातंय? म्हणाले, दोन्ही अशाच वाटेने जातात, आत्ता सांगता येणार नाही.

दुसरी. काल धरणावर पाऊस आला म्हणून मी रस्त्यापलीकडच्या भजीच्या टपरीत शिरले, तर आत बाकावर रोहित. भिजलेला, समोर चहा. मी म्हटलं, "दुकान?" तो म्हणाला, "दुपारी बंद ठेवतो." कधीपासून, विचारलं तर चहाचा कप फिरवत बसला. टपरीवाल्या सुलाबाईच बोलल्या, "भाऊ तर रोज येत्यात. लय दिवस झाले. तुम्ही गेल्या की मग जात्यात."

घरी येऊन मी त्याला सोडलं नाही. शेवटी कबूल झाला. तू आला होतास. माझं धरणाचं पत्र मिळाल्यावर, ऑगस्टच्या शेवटी. दुकानात बसून तुम्ही दोघांनी ठरवलंत. आणि नंतर मला लिहितोस, शेतातून मान वर काढायला फुरसत नाही!

मी काय वेडी आहे? तुम्ही माझ्यावर पहारा बसवलात. माझं पत्र त्याला वाचून दाखवलंस. माझ्या दारापर्यंत आलास आणि मला भेटला नाहीस. जगात एका माणसाजवळ मी मनातलं लिहीत होते.

आता तेही नाही.

पूजा


बाऱ्हे
१९ ऑक्टोबर

चि. पूजा,

राजूची ही दिवाळीआधीची शेवटची खेप, म्हणून घाईत लिहितो.

तुझं पत्र रोहितला वाचून दाखवलं नाही. फक्त म्हटलं, पूजा धरणावर जाते, तिथून तिला परतावंसं वाटत नाही. तो पाइपाचं बंडल उचलत होता. ते तसंच खाली ठेवलं. मी म्हटलं, तिला थांबवू नका, भांडण होईल. तो म्हणाला, "थांबवत नाय. मी पन जातो." मी विचारलं, तिने बघितलं तर? "मग बघंल. मला ते सूरबीर काय कळत नाय भाऊ. ती तिथून रोज घरी यायला पायजे, एवढंच कळतंय." त्याने माझ्यासमोर शटर ओढलं आणि गाडीला किक मारली. निरोपही घेतला नाही माझा.

मी तुझ्या फाटकापर्यंत आलो होतो. तू गॅलरीत कपडे वाळत घालत होतीस. खाली कुणीतरी भंगारवाला ओरडला आणि तू अशी आखडलीस, जणू कुणी दगड मारला. हाक मारायला तोंड उघडलं होतं मी. माझाही आवाज तुला दोन होऊन येणार, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं. परत फिरलो. बरोबर केलं की चूक, माहीत नाही. पुन्हा आलो तरी तसंच करीन असं वाटतं.

आता पेटीबद्दल. खरं लिहितो. माझ्याकडे उपाय नाही. कान सरकत राहिला तर मी कितीही घासलं तरी पोचणार नाही. पत्तीही शेवटी घासून संपते. तुला धीर द्यायला काही लिहावं म्हणून कागद घेऊन टेकाडावर जाऊन बसलो. कोराच कागद घेऊन उतरलो.

पत्र लिहिणं बंद करू नकोस. शिव्या लिही. पण लिही.

किशोरदादा


गंगापूर रोड, नाशिक
११ जानेवारी २०२६

दादा,

राजू दर खेपेला फाटकापाशी थांबून जायचा. मी काहीच दिलं नाही. त्याने तुला काय सांगितलं असेल कोण जाणे. मी आहे. धरणावर जाणं दिवाळीनंतर थांबलं. रोहित आता लपत नव्हता, शेजारी येऊन उभा राहायचा, आणि दोघांनी मिळून पाण्याकडे बघत राहणं मला जमेना. एक दिवस तोच म्हणाला, "चल, थंडी वाजती." तेवढंच. आम्ही निघालो, पुन्हा गेलो नाही.

संक्रांतीची तयारी चालली होती. चार दिवसांपूर्वी सकाळी तीळ भाजत होते आणि खालून कुणीतरी हॉर्न वाजवला. एकच हॉर्न. मी कालथा तसाच धरून उभी राहिले. तानपुऱ्याकडे पळाले. तार छेडली. एकच तार, दादा! एकच सा! मी रोहितला एवढ्यांदा हाक मारली की तो दाढीच्या साबणासकट धावत आला. मी त्याच्या गळ्यात पडले, कान बरा झाला, बरा झाला म्हणून ओरडत होते. आरोही दारात उभी होती.

रोहित डाव्या बाजूने काहीतरी बोलत होता. त्याचे ओठ हलताना दिसत होते म्हणून मला कळलं.

मग मीच टिचकी वाजवून बघितली. डाव्या कानाशी, अगदी लावून. काही नाही. शिट्टीसुद्धा फार लांब, शेजारच्या इमारतीत असावी तशी. दुपारी डॉक्टरांनी तपासलं. गेला. आता परत येणार नाही म्हणाले.

हसावं की रडावं ते मला कळलं नाही. अजून कळत नाही. रस्त्यावर गाडी कुठून येते ते समजत नाही, भाजीवाली कुठून हाक मारते ते शोधावं लागतं. क्लास पुन्हा उघडेन का, माहीत नाही. चार मुली समोर उभ्या राहिल्या तर कुणाचा आवाज कुठून येतो, हे मला आता कधीच कळणार नाही. पण जे ऐकू येतं ते एक आहे.

त्या रात्री आरोहीला जवळ घेतलं. म्हटलं, "आता मला त्रास होत नाही. एक गाणं म्हण ना." तिने मान हलवली. मी पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, "नको आई. तू मागेही बरं वाटतंय म्हणाली होतीस." मी हट्ट केला, तर रडायला लागली. मग सोडून दिलं. दारावर मारलेल्या त्या मुठी मला परत घेता येत नाहीत.

पण काल काय झालं ते सांगते. मी गॅलरीत तांदूळ निवडत होते. ती अभ्यासाचं दप्तर घेऊन आली, आणि माझ्या उजव्या हाताला मोकळी खुर्ची असताना डाव्या बाजूला, खाली फरशीवर बसली. बेरजा मांडता मांडता गुणगुणायला लागली. आधी ओठांत, मग जरा मोकळं. तिला वाटतं, त्या बाजूचं मला काहीच ऐकू येत नाही.

समोरच्या भिंतीवर आपटून ते बारीकसं माझ्या उजव्या कानात येत होतं. एकच आवाज. पंचम बरोबर लागत होता.

मी मान वळवली नाही. तांदूळ निवडून झाले होते, तरी निवडत राहिले.

पूजा